दिवसभर उघडं कनेक्शन आणि दोन कोबोल प्रोग्रॅम: संदेशाची हद्द कोणी ठरवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक कोबोल प्रोग्रॅम मेनफ्रेमवर सीआयसीएसखाली (आयबीएमची व्यवहार चालवणारी प्रणाली) चालतो, दुसरा लिनक्सवर ग्नूकोबोल या मुक्त कंपाइलरमध्ये. सकाळी एक टीसीपी कनेक्शन उघडायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यावरून संदेशांची ये-जा चालू ठेवायची. सुरुवातीची चाचणी दोन्ही बाजू एकाच लिनक्स मशीनवर ठेवून घेतली, तेव्हा सगळं सुरळीत होतं. खऱ्या नेटवर्कवर गेल्यावर गर्दीच्या वेळी दोन संदेश चिकटून येतात किंवा एखादा अर्धाच येतो. शिवाय बराच वेळ शांतता असली की त्यानंतरचा पहिला संदेश गडप होतो, आणि 'राइट'ने तर तो गेल्याचं सांगितलेलं असतं.

दोन्ही त्रासांचं मूळ एकच आहे: सॉकेटकडून, म्हणजे प्रोग्रॅमच्या हातातल्या कनेक्शनच्या टोकाकडून, आपण फाइलसारख्या वागणुकीची अपेक्षा धरतो. कोबोलमध्ये 'रीड' म्हटलं की एक रेकॉर्ड येतो, पूर्ण येतो, एकटाच येतो. एफडीत, म्हणजे फाइलच्या वर्णनात, त्याची लांबी लिहिलेली असते आणि रेकॉर्ड कुठे संपला याची चिंता आपल्याला कधी करावी लागत नाही. टीसीपीला रेकॉर्ड ही गोष्टच ठाऊक नाही. टीसीपीचं मानक मांडणाऱ्या १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये आणि २०२२ मध्ये तिची जागा घेणाऱ्या आरएफसी ९२९३ मध्ये टीसीपीचं वचन एवढंच आहे की बाइट क्रमाने पोचतील. तुम्ही तीन वेळा 'राइट' केलंत तर समोर दोन 'रीड'मध्ये सगळं येऊ शकतं, सात 'रीड'ही लागू शकतात, आणि दोन्ही बरोबरच आहे.

मग चाचणीत का चाललं? लिनक्सवर लूपबॅकचा (मशीनने स्वतःशीच बोलण्याच्या मार्गाचा) एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, ६५५३६ बाइट असतो, त्यामुळे दोन हजार बाइटांचा संदेश त्यात अखंड जातो. इथरनेटवर तो १५०० असतो. आयपी आणि टीसीपीचे प्रत्येकी २० बाइट वजा केले की एका पाकिटात १४६० बाइट उरतात. तुमचा संदेश तिथे १४६० आणि ५४० असा फुटतो. दोन्ही तुकडे जवळजवळ एकदम पोचले तर एकाच 'रीड'मध्ये मिळतात, दुसऱ्याला जरा उशीर झाला तर अर्धाच मिळतो. म्हणून चूक फक्त गर्दीत दिसते. ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

संदेशाची हद्द आपणच आखायची. सगळे संदेश एकाच ठरावीक लांबीचे ठेवणं हा एक मार्ग. कोबोलवाल्याला तो मानवतो आणि तो वाईटही नाही, पण रचना बदलली की दोन्ही टोकं एकाच दिवशी बदलावी लागतात. शेवटी खुणेचा बाइट टाकणं हा दुसरा. आकडे पॅक्ड (एका बाइटात दोन अंक) किंवा बायनरी असतील तर तो बाइट मजकुराच्या मध्येच भेटतो, म्हणून मी तो कधीच सुचवत नाही. तिसरा आणि माझ्या मते खरा मार्ग म्हणजे आधी लांबी, मग मजकूर.

लांबी कशी लिहायची यावर लोक वाद घालतात. मी आठ अंकांची, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहा असं सांगतो: पिक ९(८), डिस्प्ले, म्हणजे एका अंकाला एक अक्षर. चार बाइटांची बायनरी लांबी छोटी होते खरी, पण मेनफ्रेम मोठं टोक, म्हणजे सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट, आधी ठेवतो आणि इंटेलच्या जातीचे प्रोसेसर लहान टोक आधी. ग्नूकोबोलमध्ये कॉम्प हा बायनरी प्रकार सहसा मोठं टोक आधी ठेवतो, कॉम्प-५ मात्र यंत्राच्या चालीने जातो. म्हणजे तेच कॉपीबुक (दोन्हीकडे वापरायची रेकॉर्डची व्याख्या), कोणी एका ठिकाणी कॉम्पचं कॉम्प-५ केलं, आणि ५०० ही लांबी समोर उणे २० कोटी १२ लाख ६१ हजार ५६ अशी वाचली जाते. आठ अंकांची लांबी ट्रेसमध्ये डोळ्यांनी वाचता येते. रात्री दोन वाजता डंप वाचणाऱ्यासाठी हा फार मोठा फायदा आहे.

लांबीत ते आठ बाइट स्वतः मोजायचे की नाही, हे कॉपीबुकच्या टिप्पणीत लिहून टाका. दोन चमूंमध्ये या एका प्रश्नावरून आठवडे जातात. आणि आलेली लांबी न तपासता कधीच वापरू नका. आधी 'न्यूमेरिक' आहे का बघा, मग ठरवलेल्या कमाल मर्यादेत आहे का बघा. सुरक्षा तपासणीची साधनं कुठल्याही उघड्या पोर्टवर वेब सर्व्हर समजून 'जीईटी' पाठवतात. त्या तीन अक्षरांना आणि पुढच्या रिकाम्या जागेला कोणी चार बाइटांची बायनरी लांबी समजला तर आकडा होतो १,१९,५७,२५,८५६, आणि प्रोग्रॅम एक अब्जाहून जास्त बाइटांची वाट पाहत बसतो. लांबी खोटी वाटली तर पुढची हद्द शोधण्याचा खटाटोप करू नका. कनेक्शन बंद करा, नोंद करा, नव्याने जोडा. एकदा हद्द चुकली की पुढच्या कुठल्याही बाइटवर विश्वास ठेवायला आधार उरत नाही.

वाचण्याचा पॅराग्राफ एकच लिहा आणि सगळीकडून तोच 'परफॉर्म' करा: इतके बाइट हवेत, मिळेपर्यंत वाच. आत्तापर्यंत किती मिळाले याचा एक मोजक ठेवायचा. प्रत्येक वेळी बफरमध्ये मोजक अधिक एक या जागेपासून, उरलेत तेवढ्याच बाइटांसाठी 'रीड' करायचं. संदर्भ-बदलाच्या कंसांनी, म्हणजे सुरुवात आणि लांबी देऊन, हे कोबोलमध्ये सरळ लिहिता येतं. परतीचा आकडा शून्याहून मोठा असेल तर मोजकात मिळवा. शून्य आला तर समोरच्याने कनेक्शन बंद केलं आहे. तो 'आता काही नाही, थोड्या वेळाने ये' असा निरोप नसतो. शून्याला 'अजून आलं नाही' समजून लूप फिरवत ठेवल्यामुळे सीपीयू पूर्ण खाणारे प्रोग्रॅम अनेक ठिकाणी सापडतात. उणे एक आला तर एरनो, म्हणजे त्रुटीचा क्रमांक, बघायचा, पण त्याचे आकडे दोन्ही बाजूंना वेगळे आहेत: समोरून कनेक्शन तोडलं गेलं तर मेनफ्रेमच्या ईझेडए सॉकेट इंटरफेसमध्ये ५४ मिळतो, लिनक्सवर १०४. एकाचा तक्ता दुसऱ्याकडे चालत नाही.

पहिल्या फेरीत आठ बाइट, दुसऱ्या फेरीत त्या आठ अंकांत लिहिलेत तेवढे. त्याहून एकही बाइट जास्त मागायचा नाही, म्हणजे पुढचा संदेश चिकटून आला तरी तो सिस्टिमच्या बफरमध्येच थांबतो. मध्येच शून्य आला तर हातातला अर्धा संदेश टाकून द्या, त्यावर काहीही प्रक्रिया करू नका. आणि वर्किंग-स्टोरेजमधल्या बफरात मागच्या लांब संदेशाची शेपटी तशीच पडलेली असते, हे कोबोलमध्ये विशेष जपायचं. नवा संदेश लहान असेल तर जुन्या ग्राहकाचा पत्ता नव्या ग्राहकाच्या खाली चिकटलेला सापडतो. आलेल्या लांबीपलीकडचा भाग आधी 'स्पेसेस'ने भरा.

लिहिण्यालाही असाच लूप लागतो. मागितले तेवढे सगळे बाइट एका 'राइट'मध्ये जातीलच असं नाही. लांबी आणि मजकूर मात्र एकाच बफरमध्ये मांडून एकत्र पाठवा. लांबीचं एक 'राइट', मजकुराचं दुसरं, असं केलंत तर १९८४ च्या आरएफसी ८९६ मधला नेगलचा अल्गोरिदम दुसरा तुकडा अडवून धरतो, समोरची बाजू पोच द्यायला मुद्दाम थोडं थांबते, आणि प्रत्येक संदेशामागे विनाकारण काही मिलिसेकंद जातात. लिनक्सवर हा विलंब साधारण ४० मिलिसेकंदांचा दिसतो. संदेश रोजचे लाखभर असतील तर हे थांबणं तासाच्या वर जातं.

आता अक्षरांचा भाग, कारण मेनफ्रेम आणि लिनक्स जोडताना पैशांचं खरं नुकसान इथे होतं. मेनफ्रेमवर ईबीसीडिक, लिनक्सवर आस्की, असे दोन वेगळे अक्षरसंच. शून्य हा अंक एकीकडे हेक्समध्ये एफ० असतो, दुसरीकडे ३०. रूपांतरासाठी मेनफ्रेमवर ईझेडएसीआयसी०४ आणि ०५ ही तयार रुटीन आहेत. पहिलं ईबीसीडिकचं आस्की करतं, दुसरं उलट. सोपं वाटतं म्हणून लोक संपूर्ण संदेशच त्यातून काढतात. संदेशात कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड आकडा, असेल तर असं करणं घातक आहे. पॅक्ड आकड्यात शेवटच्या बाइटचा एक अर्धा भाग अंक असतो आणि दुसरा चिन्ह. अधिक चार म्हणजे ४सी. ईबीसीडिकमध्ये ४सी हे 'पेक्षा लहान'चं चिन्ह आहे आणि आस्कीत तेच चिन्ह ३सी आहे. रूपांतर झालं, चिन्हाचा सी तसाच राहिला, अंक मात्र चारचा तीन झाला. अधिक पाचाचं तसंच: ५सी म्हणजे तारांकन, आस्कीत ते २ए, आणि ए हेसुद्धा अधिक म्हणून वैध चिन्ह आहे. पाचाचा दोन झाला. एस०सी७ अबेंड (अवैध आकड्यामुळे प्रोग्रॅम कोसळणं) आला असता तर कोणी तरी बघितलं असतं. इथे अबेंड येत नाही, रक्कम चुकीची होते आणि पुढे जात राहते.

म्हणून तारेवरून जाताना प्रत्येक आकडा डिस्प्लेमध्ये असावा, पॅक्ड किंवा बायनरी नको. चिन्ह असलेले आकडे 'साइन लीडिंग सेपरेट' करा. ते न केल्यास चिन्ह शेवटच्या अंकावरच ठोकलेलं असतं, आणि त्याची रीत दोन्हीकडे वेगळी आहे: उणे पाच मेनफ्रेमवर 'एन' अक्षरासारखा दिसतो, ग्नूकोबोलला मात्र तिथे लहान 'यू' अपेक्षित असतो. तारेवर एकच अक्षरसंच ठरवा, मी आस्की म्हणतो, आणि रूपांतराची जबाबदारी फक्त मेनफ्रेमच्या बाजूला द्या. दोन्ही बाजूंनी समजूतदारपणे रूपांतर केलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या त्रासाकडे येऊ, शांततेनंतर गडप होणारा पहिला संदेश. वाटेतल्या फायरवॉल आणि लोड बॅलन्सर काही वेळ हालचाल नसलेलं कनेक्शन आपल्या तक्त्यातून काढून टाकतात. ॲमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरचा मूळ कालावधी ३५० सेकंद आहे, अझूरच्या लोड बॅलन्सरचा ४ मिनिटं. अनेकदा दोन्ही टोकांना याची खबर दिली जात नाही. टीसीपीचा स्वतःचा 'कीपअलाइव्ह' चालू असला तरी तो मूळ दोन तासांनी जागा होतो, तोवर कनेक्शन कधीच गेलेलं असतं. तुमचा 'राइट' यशस्वी होतो, कारण त्याचा अर्थ एवढाच की बाइट तुमच्या स्वतःच्या मशीनच्या बफरमध्ये शिरले. त्यानंतर सिस्टिम पुन्हा पुन्हा पाठवत राहते, आणि लिनक्सच्या मूळ मांडणीत ती हार मानेपर्यंत साधारण पंधरा मिनिटं जातात. तेवढा वेळ प्रोग्रॅम 'रीड'वर गप्प बसलेला असतो.

उपाय म्हणजे स्वतःचा हार्टबीट: मजकूर नसलेला, फक्त शीर्ष, म्हणजे सुरुवातीचा लांबीचा भाग, असलेला संदेश. मिनिटभर काही गेलं नसेल तर एक पाठवायचा, समोरच्याने लगेच उलट द्यायचा. तीन मिनिटांत समोरून काहीच आलं नाही तर कनेक्शन मेलं असं धरून बंद करायचं आणि नव्याने जोडायचं. बँकांच्या कार्डव्यवहारांत हे फार पूर्वीपासून चालतं. १९८७ च्या आयएसओ ८५८३ मानकात ०८०० हा नेटवर्क व्यवस्थापनाचा संदेश आणि ०८१० हे त्याचं उत्तर आहे, आणि जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी तोच वापरतात.

यासाठी 'रीड'वर अनिश्चित काळ बसून चालत नाही, आधी मुदत देऊन विचारावं लागतं. मेनफ्रेमवर त्यासाठी 'सिलेक्ट' आहे. त्याचा बिट-मुखवटा कोबोलमध्ये हाताळणं किचकट असल्याने ईझेडएसीआयसी०६ हे रुटीन दिलेलं आहे, ते वापरा. लिनक्सवर 'पोल' सोपा पडतो: आठ बाइटांचा गट, चार बाइट सॉकेटचा क्रमांक, दोन बाइट काय हवं, दोन बाइट काय मिळालं. तिन्ही कॉम्प-५.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं सविस्तर लिहितो आहे ती. टीसीपीची पोच म्हणजे समोरच्या मशीनला बाइट मिळाले. समोरच्या प्रोग्रॅमने ते वाचले, डेटाबेसमध्ये लिहिले, कमिट केले, यातलं काहीही त्या पोचेत नाही. कनेक्शन तुटलं तेव्हा तुमचा शेवटचा संदेश प्रक्रिया होऊन उत्तर वाटेत हरवलं, की संदेशच पोचला नाही, हे पाठवणाऱ्याला कनेक्शनवरून कधीच कळू शकत नाही. पुन्हा पाठवला तर खात्यात दोनदा जमा, नाही पाठवला तर शून्य वेळा.

म्हणून शीर्षात लांबीच्या जोडीला एक क्रमांक हवा, आणि तो कनेक्शनपेक्षा जास्त जगला पाहिजे. पाठवणारा संदेश पाठवण्याआधी क्रमांकासह तो टेबलमध्ये 'पाठवायचा आहे' म्हणून लिहितो. घेणारा संदेश वाचतो, आधी तो क्रमांक आपल्याकडे आहे का पाहतो. नसेल तर मूळ काम आणि क्रमांकाची नोंद एकाच युनिट ऑफ वर्कमध्ये करतो, सिंकपॉइंट घेतो (म्हणजे कमिट करतो), आणि मगच उत्तर पाठवतो. क्रमांक आधीच असेल तर काम न करता जुनंच उत्तर पुन्हा देतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. उत्तर आधी आणि सिंकपॉइंट नंतर केलात तर नेमका मध्ये अबेंड झालेला एक संदेश कधी तरी हरवणारच. आयएसओ ८५८३ मध्ये अकरावं क्षेत्र सहा अंकी मागोवा क्रमांकासाठी राखलेलं आहे आणि न मिळालेल्या उत्तरासाठी ०४२० चा उलट-व्यवहार आहे, ते याच गरजेतून.

सीआयसीएसमध्ये सिंकपॉइंट संदेशागणिक घेण्याला आणखी एक कारण आहे. दिवसभर चालणारं टास्क सिंकपॉइंटविना चाललं तर त्याने धरलेली लॉक दिवसभर सुटत नाहीत, आणि तक्रार तिसऱ्याच कुठल्या तरी ट्रान्झॅक्शनकडून येते. बाकी सीआयसीएसच्या बाजूला फार काही नाही: सीएसकेएल हा लिसनर कनेक्शन घेतो, 'गिव्हसॉकेट'ने देतो, तुमचा प्रोग्रॅम 'टेकसॉकेट'ने घेतो. मूळ लिसनरला पहिल्या काही बाइटांत ट्रान्झॅक्शनचं नाव हवं असतं, तेव्हा लिनक्सच्या बाजूने जोडल्या जोडल्या ते आधी पाठवायचं, आणि आपली लांबी-मजकूर मांडणी त्यानंतर सुरू करायची.

एका सॉकेटवर लिहिणारा एकच असावा. दोन टास्क एकाच कनेक्शनवर लिहू लागली तर एकाच्या लांबीमागे दुसऱ्याचा मजकूर येऊ शकतो. वेग कमी पडला तर आणखी कनेक्शन उघडा.

ग्नूकोबोलमध्ये सी लायब्ररीतली 'सॉकेट', 'कनेक्ट', 'सेंड', 'रिसीव्ह' ही फंक्शन थेट 'कॉल' करता येतात, 'बाय व्हॅल्यू' आणि 'बाय रेफरन्स' नीट सांभाळलं की झालं. तरी मी पन्नासएक ओळींचं सी आवरण लिहायला सांगेन, कारण एरनो कोबोलमधून भरवशाने वाचणं अवघड आहे. 'सेंड'ला १६३८४ हा ध्वज द्या, नाहीतर समोरच्याने बंद केलेल्या कनेक्शनवर लिहिताच सिगपाइप हा सिग्नल येतो आणि प्रोग्रॅम तिथेच संपतो. पोर्ट क्रमांक पिक ९(४) बायनरीत ठेवला असेल तर कंपाइलरचा ट्रंक एसटीडी हा पर्याय ५०१२३ चं ०१२३ करतो. तिथे कॉम्प-५ वापरा. आणि गुप्ततेसाठी प्रोग्रॅमला हात लावू नका: मेनफ्रेमवर एटी-टीएलएस, लिनक्सवर स्टनल पुढे बसवता येतं, दोन्ही कोबोलच्या नकळत काम करतात.

हे सगळं वाचून 'मग आयबीएम एमक्यूच (संदेशांच्या रांगा सांभाळणारं सॉफ्टवेअर) का नको' असं वाटत असेल तर तो योग्य प्रश्न आहे. दोन्ही बाजूंना एमक्यू उपलब्ध असेल, आणि उत्तर सेकंदाच्या आत हवंच असा अट्टहास नसेल, तर एमक्यूच घ्या. संदेशाची हद्द, साठवण, तुटल्यावर पुन्हा पाठवणं, सगळं तो करतो. कोबोलच्या १९७४ च्या मानकातही 'सेंड' आणि 'रिसीव्ह' होते आणि संदेशांसाठी वेगळी सीडी (संपर्क-वर्णनाची) नोंद होती. २०२३ च्या मानकात ते शब्द नव्या रूपात परतले आहेत, पण कंपाइलरांत ते हाती येईपर्यंत त्यावर काही बांधू नका. सॉकेट निवडायचं ते समोरची बाजू दुसरं काही बोलत नसेल तेव्हा.

संध्याकाळी बंद करताना थेट 'क्लोज' नको. तुमच्या बफरमध्ये न वाचलेले बाइट असताना 'क्लोज' केलंत तर लिनक्स समोरच्याला रीसेट पाठवतो, आणि त्याने अजून न वाचलेलं तुमचं शेवटचं उत्तरही त्यात जाऊ शकतं. आधी 'शटडाउन'ने फक्त लिहिण्याची बाजू बंद करा, शून्य येईपर्यंत वाचत राहा, मग 'क्लोज'.

चाचणीसाठी एक वेगळा पाठवणारा प्रोग्रॅम लिहा, जो मुद्दाम त्रास देतो. एकदा संदेश एकेक बाइट करून, मध्ये दहा मिलिसेकंद थांबत पाठवा. एकदा पाच संदेश एका बफरमध्ये जोडून एकदम पाठवा. एकदा लांबीच्या आठांपैकी पाचच अंक पाठवून गप्प बसा, आणि घेणारा मुदतीत कनेक्शन सोडतो का बघा. एकदा मजकुराच्या मध्यावर तोडा. एकदा उत्तर येण्याच्या ऐन क्षणी तोडा, पुन्हा जोडा, तोच क्रमांक पाठवा, आणि मग टेबलमध्ये त्या क्रमांकाच्या ओळी मोजा. एकापेक्षा जास्त निघाली तर प्रॉडक्शनला पाठवू नका.